न गेलेली डिव्हिजन : इराक, २००३

१४ जुलै २००३ रोजी दिल्लीत सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समितीची बैठक झाली आणि भारत इराकमध्ये सैन्य पाठवणार नाही, असं ठरलं. अमेरिकेनं मागितली होती जवळपास एक अख्खी डिव्हिजन, म्हणजे सतरा ते वीस हजार माणूस. ती गेली असती तर इराकमधल्या परदेशी फौजांत पहिल्या दोन-तीनांत आपली गणना झाली असती. ती गेली नाही, म्हणून या निर्णयाची आठवणही फारशी कुणाला नाही. न घडलेल्या गोष्टीचं स्मारक कोण बांधतो?

नागपुरात स्पर्धा परीक्षेच्या मुलामुलींना आंतरराष्ट्रीय संबंध शिकवताना मी हे प्रकरण मुद्दाम घेतो. परक्या युद्धात पायदळ उतरवायला देश का कचरतात, असं विचारलं की वहीत तीन शब्द उतरतात: जीवितहानी, खर्च, जनमत. उत्तर चूक म्हणता येत नाही आणि त्यातून कळतही काही नाही. कारगिलमध्ये ५२७ जवान गेले, खर्चही झाला, तरी देश कचरला नव्हता. मग चारच वर्षांनी, तेच पंतप्रधान वाजपेयी आणि तेच सैन्य असताना, इराकच्या बाबतीत पाऊल का अडखळलं?

माझं म्हणणं असं. पैसे, शस्त्रं, अगदी विमानं पाठवली तरी थांबायचं कधी हे पाठवणाऱ्याच्या हातात राहतं. पायदळ एकदा उतरलं की परतीची तारीख यजमान सरकार, समोरचा शत्रू आणि शेजारी उभा असलेला मित्र, असे तिघं मिळून ठरवू लागतात. देश मरणापेक्षा या परावलंबनाला जास्त घाबरतात. भारताला ते २००३ मध्ये पुस्तकातून शिकावं लागलं नाही, कारण तेरा वर्षांपूर्वीच त्याची फी भरून झाली होती.

मागणी नेमकी काय होती

अमेरिकेचं आक्रमण २० मार्च २००३ ला सुरू झालं, ९ एप्रिलला बगदाद पडलं. त्याच्या आदल्याच दिवशी, ८ एप्रिलला, लोकसभेनं या युद्धाच्या निषेधाचा ठराव एकमतानं केला होता. म्हणजे ज्या सरकारला सैन्य पाठवण्याचा विचार करायचा होता, त्याच्या टेबलावर स्वतःच्याच संसदेचा ठराव पडलेला होता.

२२ मे रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचा ठराव क्रमांक १४८३ आला. त्यानं अमेरिका आणि ब्रिटन यांना इराकवर ताबा असलेल्या सत्ता म्हणून मान्यता दिली आणि त्यासोबत येणाऱ्या जबाबदाऱ्याही त्यांच्या गळ्यात घातल्या. इतर देशांनी मदत करावी, असं आवाहन त्यात होतं; पण जो देश येईल तो निळ्या टोपीखाली, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत येईल, असं त्यात कुठंही नव्हतं. दुसऱ्याच दिवशी, २३ मे रोजी, बगदादमधले अमेरिकी प्रशासक पॉल ब्रेमर यांनी इराकी सैन्य बरखास्त केलं. शस्त्र चालवता येणारे लाखो लोक एका सहीनं बेकार झाले. भारताकडे मागणी आली ती या पार्श्वभूमीवर.

आपल्याला द्यायचा भाग होता उत्तर इराक: मोसूल आणि कुर्द मुलूख. नकाशा समोर ठेवूनच हे बघावं. एका बाजूला तुर्कस्तान, ज्याला कुर्दांची स्वायत्तता डोळ्यांत खुपते. दुसऱ्या बाजूला इराण. आत अरब, कुर्द आणि तुर्कमेन यांचे जमिनीचे जुने वाद, आणि मातीखाली तेल. इथं 'स्थैर्य राखणं' म्हणजे उद्या सकाळी एखाद्या वाडीवर कुणाचा हक्क, हे हरियाणाच्या किंवा विदर्भाच्या जवानानं ठरवणं. कुणाच्याही बाजूनं ठरवलं तरी दुसरा शत्रू होणार.

डिव्हिजन म्हणजे काय, हेही वर्गात फोडून सांगावं लागतं. साधारण तीन ब्रिगेड, नऊ पायदळ बटालियन, सोबत तोफखाना, इंजिनिअर्स, सिग्नल्स, रुग्णालय, रसद. शिवाय वीस हजार तिथं ठेवायचे तर तेवढेच पुढच्या फेरीसाठी तयारी करत असणार आणि तेवढेच नुकतेच परतून सावरत असणार. कागदावरचे वीस हजार प्रत्यक्षात साठ हजारांना अडकवतात. सैन्य नुकतंच 'ऑपरेशन पराक्रम'मधून बाहेर पडलं होतं: डिसेंबर २००१ च्या संसद हल्ल्यानंतर सीमेवर नेलेल्या फौजा ऑक्टोबर २००२ पर्यंत तिथंच होत्या. काश्मीरमध्ये घुसखोरीचा हंगाम सुरू होता. त्यात कुवेतहून मोसूलपर्यंतची रसदवाट सुमारे हजार किलोमीटरची, आणि ती पूर्णपणे अमेरिकी परवानगीवर चालणारी.

श्रीलंकेचा हिशेब

या प्रकरणाचा खरा गाभा इराकमध्ये सापडत नाही, तो श्रीलंकेच्या उत्तरेतल्या जाफन्यात सापडतो. म्हणून इथं मी वेळ घेतो.

२९ जुलै १९८७ ला राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी करार केला आणि भारतीय शांतिसेना श्रीलंकेत उतरली. काम सांगितलं होतं सोपं: तमिळ गटांकडून शस्त्रं ताब्यात घ्यायची आणि शांतता राखायची. दहाच आठवड्यांत, ऑक्टोबरमध्ये, हेच सैन्य 'ऑपरेशन पवन'मध्ये एलटीटीई या तमिळ बंडखोर संघटनेशी जाफन्याच्या गल्ल्यांत लढत होतं. ११-१२ ऑक्टोबरच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरनं उतरवलेल्या १३ शीख लाइट इन्फन्ट्रीच्या तुकडीतले तीसपैकी एकोणतीस जवान मारले गेले, एक पकडला गेला. सुरुवातीला एक डिव्हिजन गेली होती, पुढं चार झाल्या. २४ मार्च १९९० ला शेवटचा सैनिक परतला तोवर सुमारे १,२०० जवान गेले होते.

या लढाईचा धागा आपल्या भागाशी थेट जुळतो. शांतिसेनेच्या सुरुवातीच्या मोहिमेची सूत्रं पुण्याच्या दक्षिण मुख्यालयाकडे होती. या मोहिमेतलं एकमेव परमवीरचक्र मिळालं ते ८ महारच्या मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना. २५ नोव्हेंबर १९८७ च्या रात्री शोधमोहिमेवरून परतताना त्यांच्या तुकडीवर घात झाला. त्यांनी वळसा घालून मागून हल्ला चढवला आणि छातीत गोळी लागल्यावरही समोरच्याची रायफल हिसकावून त्याला मारलं. महार रेजिमेंटची दुसरी बटालियन दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उभी राहिली ती आपल्या कामठीत. आज तिथं ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं केंद्र आहे आणि कामठी रोडवरून जाणाऱ्या हिरव्या ट्रककडं आपण वळूनही बघत नाही.

श्रीलंकेत जाऊन आलेल्या एका निवृत्त सुभेदारांना मी एकदा वर्गात बोलावलं. मुलांना वाटलं, शौर्याच्या गोष्टी ऐकायला मिळतील. ते बोलले भलत्याच गोष्टींवर. "उतरलो तवा लोकायनं हार घातले ना जी. आमाले वाटलं, हे तर सोपं काम हाय. मंग त्याच लोकायच्या घरातून गोळी येऊ लागली. आन गोळी चालवणाऱ्यायले शिकवलं कोणी? आपल्याच मानसायनं." एका मुलानं विचारलं, "काका, सर्वांत अवघड काय होतं?" थोडा वेळ विचार करून ते म्हणाले, "सुटीवर आलो का गावातले विचारे, लढाई कोणासंग हाय बा? सांगता येत नव्हतं."

त्यांचं हे वाक्य कोणत्याही धोरणपत्रात बसेल. भारत श्रीलंकेत श्रीलंका सरकारच्या विनंतीवरून गेला, तमिळांच्या रक्षणासाठी गेला आणि लढला तमिळ बंडखोरांशी. यजमान बदलला: प्रेमदासा राष्ट्राध्यक्ष झाले आणि १९८९ मध्ये त्यांनी भारतीय सैन्यानं जुलैअखेर देश सोडावा, अशी मागणी केली. इतकंच कशाला, त्यांनी एलटीटीईलाच शस्त्रं पुरवली. ज्या सरकारसाठी गेलो त्याला आपण नकोसे आणि ज्या जनतेसाठी गेलो तिलाही. परत आलेल्या जवानांच्या स्वागताला तमिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत. १९९१ च्या मे महिन्यात श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींची हत्या झाली. पुढच्या प्रत्येक मंत्रिमंडळाच्या खोलीत ही मोहीम न बोलावलेल्या पाहुण्यासारखी बसून असते.

राजीव गांधींनीच ३ नोव्हेंबर १९८८ ला मालदीवमध्येही सैन्य पाठवलं होतं. आग्र्याहून पॅराट्रूपर गेले, काही तासांत बंड मोडलं. १९७१ मध्ये तर सैन्य परक्या भूमीवर खोल घुसलं, ढाक्यापर्यंत गेलं आणि मार्च १९७२ च्या मध्यापर्यंत बांगलादेशातून बाहेरही पडलं. म्हणजे भारताला परदेशात पाय ठेवायचीच भीती आहे, असं म्हणता येत नाही. ढाका आणि माले इथं काम संपल्याची खूण आधीच ठरलेली होती: शरणागतीच्या कागदावर सही, बंडखोर पकडले जाणं. जाफन्यात अशी खूण नव्हती आणि मोसूलमध्ये तर ती काय असेल, हे मागणाऱ्यालाही माहीत नव्हतं.

जून महिना

उपपंतप्रधान लालकृष्ण अडवाणी जूनमध्ये वॉशिंग्टनला जाऊन आले. १६ जूनला अमेरिकी संरक्षण खात्याचे पीटर रॉडमन आपलं पथक घेऊन दिल्लीत आले. भारताच्या शंका त्यांच्यासमोर ठेवण्यात आल्या: आपलं सैन्य कुणाच्या हुकमाखाली असेल, काम काय, मुदत किती, इराकी लोकांचं स्वतःचं सरकार कधी येणार. हे प्रश्न वरवर कारकुनी वाटतात, पण सगळे फिरून एकाच ठिकाणी येतात: थांबायचं कधी, हे कोण ठरवणार?

जावं असं म्हणणाऱ्यांची बाजूही हलकी नव्हती आणि ती मी मुलांना पूर्ण ताकदीनं मांडायला लावतो. १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकेशी बिघडलेले संबंध नुकतेच रुळावर येत होते. एवढी मोठी मदत केली तर तंत्रज्ञानाचे दरवाजे उघडतील, पाकिस्तानला मिळणारं झुकतं माप कमी होईल, इराकच्या पुनर्बांधणीत कंत्राटं मिळतील, मोठी सत्ता म्हणून वागायला सुरुवात होईल. एक मुलगा यावर छान म्हणाला, "सर, सुरक्षा परिषदेत कायमची खुर्ची पाहिजे आणि अवघड जागी जायची वेळ आली की घरी काम आहे म्हणायचं, हे कसं चालेल?" त्याला मी अजूनही पूर्ण उत्तर दिलेलं नाही.

विरुद्ध बाजूला विरोधी पक्ष होते. सोनिया गांधींनी पंतप्रधानांना पत्र लिहून विरोध कळवला होता. वर्षअखेरीस मध्य प्रदेश, राजस्थान, छत्तीसगड आणि दिल्ली या राज्यांत विधानसभा निवडणुका होत्या. आखाती देशांत लाखो भारतीय कामगार होते. १९९० मध्ये कुवेतवर संकट आलं तेव्हा १,७०,००० हून अधिक भारतीयांना विमानानं परत आणावं लागलं होतं, ही आठवण परराष्ट्र खात्यात ताजी होती. अरब जनतेत भारतीय गणवेश ताबा घेणाऱ्याचा म्हणून ओळखला गेला असता, तर त्याची किंमत दुबई-कुवेतमधल्या सुताराला आणि नर्सला मोजावी लागली असती.

आणि इराकच्या मातीत भारतीय सैनिक नवखा नाही. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात ब्रिटिशांनी पाठवलेली सहावी डिव्हिजन 'पूना डिव्हिजन' म्हणूनच ओळखली जायची. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी तिच्यात होत्या. बगदादकडे घाईनं गेलेली ही डिव्हिजन माघारी फिरून कुत-अल-अमारा इथं डिसेंबर १९१५ मध्ये वेढ्यात सापडली. २९ एप्रिल १९१६ रोजी जनरल टाउनशेंडनं शरणागती पत्करली तेव्हा सुमारे १३,००० माणूस कैदेत गेलं आणि त्यातले बरेच परतलेच नाहीत. बगदादला जायचं हे ठरवलं दुसऱ्यांनी; उपाशी राहिले सातारा-कोकणातले शिपाई. २००३ च्या चर्चेत कुतचं नाव फार निघालं, असं मी म्हणणार नाही. पण दुसऱ्याच्या नकाशावर आपली पलटण, या गोष्टीबद्दल मराठी घरांत एक जुना संशय आहे आणि तो विनाकारण नाही.

निर्णय आणि त्याची भाषा

१४ जुलैचं निवेदन सभ्य होतं. संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश असेल तर भारत सैन्य पाठवण्याचा विचार करू शकेल, असं त्यात म्हटलं होतं. सोबत जॉर्डनच्या मदतीनं नजफमध्ये रुग्णालय उभारण्याची तयारी दाखवली. दार बंद केलं, पण कडी लावली नाही.

बहुतेक विद्यार्थी इथंच थांबतात: भारत तत्त्वानं वागला, आदेश नव्हता म्हणून गेला नाही. मी त्यांना पुढची तारीख विचारतो. १६ ऑक्टोबर २००३ रोजी ठराव क्रमांक १५११ आला आणि सुरक्षा परिषदेनं इराकमधल्या बहुराष्ट्रीय फौजेला अधिकृत मान्यता दिली. बरीचशी अट पुरी झाली. तरी भारत गेला नाही.

माझ्या मते संयुक्त राष्ट्रांची अट ही खोटी नव्हती, पण ती खरं कारणही नव्हती. मित्राला न दुखावता नकार द्यायचा तो प्रतिष्ठित मार्ग होता. निळी टोपी सुटकेची हमी देत नाही, हे दिल्लीला तीन वर्षांपूर्वीच सिएरा लिओनमध्ये समजलं होतं. तिथं संयुक्त राष्ट्रांच्याच झेंड्याखाली गेलेले २०० हून अधिक भारतीय शांतिसैनिक कैलाहूनमध्ये बंडखोरांच्या वेढ्यात दोन महिन्यांहून जास्त अडकले. जुलै २००० मध्ये 'ऑपरेशन खुकरी' करून त्यांना सोडवावं लागलं. त्यात भारतीय सेनापती आणि नायजेरियाचे अधिकारी यांच्यात जाहीर बेबनाव झाला आणि शेवटी भारतानं आपली तुकडी तिथून काढून घेतली.

पुढं काय झालं

१९ ऑगस्ट २००३ ला बगदादमधलं संयुक्त राष्ट्रांचं कार्यालय उडवलं गेलं. संयुक्त राष्ट्रांचे इराकमधले दूत सर्जिओ व्हिएरा डी मेलो यांच्यासह २२ जण मेले. नोव्हेंबरमध्ये नासिरियात इटलीच्या तळावर स्फोट झाला, १९ इटालियन गेले. मार्च २००४ मध्ये माद्रिदच्या लोकलगाड्यांत सुमारे १९० लोक मारले गेले, सरकार बदललं आणि स्पेननं सैन्य परत बोलावलं. नोव्हेंबर २००४ मध्ये मोसूलचं पोलिस दल एका आठवड्यात कोसळलं, हजारो पोलिस ठाणी सोडून पळाले. ती ठाणी सांभाळायची जबाबदारी कदाचित आपल्या डिव्हिजनची असती.

तुर्कस्तानचं उदाहरण मला जास्त रंजक वाटतं. १ मार्च २००३ रोजी त्यांच्या संसदेत अमेरिकी फौजांना वाट देण्याच्या प्रस्तावाच्या बाजूनं २६४ मतं पडली, विरोधात २५०. प्रस्ताव तरी फेटाळला गेला, कारण १९ जण तटस्थ राहिले आणि हजर सदस्यांचं बहुमत झालं नाही. इतक्या बारीक फरकानं युद्धाची उत्तर आघाडी रद्द झाली. कचरण्यामागं नेहमी खोल विचारच असतो, असं समजू नये.

खुद्द अमेरिकाही याला अपवाद नाही. ३ ऑक्टोबर १९९३ ला मोगादिशूत १८ सैनिक गेल्यावर सहा महिन्यांत तिनं सोमालिया सोडलं. १९९९ मध्ये कोसोवोसाठी ७८ दिवस बॉम्बफेक केली, पण क्लिंटन यांनी पहिल्याच दिवशी जमिनीवर सैन्य पाठवायचा इरादा नसल्याचं सांगून टाकलं. तेव्हा नाटोचा एकही सैनिक लढाईत मेला नाही. जमिनीवर हाकलल्या जाणाऱ्या अल्बेनियन कुटुंबांना त्या उंचीवरून वाचवता आलं नाही, हेही तितकंच खरं.

एक आक्षेप, जो मिटत नाही

हे सगळं ऐकून गोंदियाची एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, तुम्ही नकाराला शहाणपण म्हणताय. मग रवांडाचं काय?"

एप्रिल १९९४ मध्ये तिथं तुत्सींचा वंशसंहार सुरू झाला आणि दहा बेल्जियन शांतिसैनिक मारले गेले. बेल्जियमनं आपलं सैन्य काढून घेतलं. सुरक्षा परिषदेनं दलाची संख्या अडीच हजारांवरून २७० पर्यंत खाली आणण्याचं ठरवलं. सेनापती रोमियो डॅलेअर जास्त सैन्य मागत राहिले. मोगादिशूची जखम ताजी असलेल्या वॉशिंग्टनला कुणी हलवू शकलं नाही. शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसं कापली गेली, बहुतेक कोयत्यांनी. तिथं कामही स्पष्ट होतं आणि मारणारेही ओळखता येत होते. माझ्याच कसोटीला उतरणारं प्रकरण होतं ते आणि तरी कुणी गेलं नाही. एका वाईट मोहिमेची आठवण पुढची आवश्यक मोहीमही खाऊन टाकते. श्रीलंकेनं भारताला इराकपासून वाचवलं असेल. उद्या एखाद्या जागी जाणं खरोखर गरजेचं असताना तीच श्रीलंका आपले पाय बांधून ठेवणार नाही, असं मी सांगू शकत नाही. त्या मुलीलाही मी तसं सांगितलं नाही.

पुढच्या तुकडीसाठी गृहपाठ असा ठेवला आहे: तारीख १६ जून २००३, तुम्ही संरक्षण मंत्रालयात आहात, रॉडमन यांचं पथक दुपारी येणार आहे. त्यांना विचारायचे पाच प्रश्न लिहा. मोसूलमधून शेवटची भारतीय पलटण कोणत्या घटनेनंतर निघेल, हे त्यांच्या उत्तरांतून कळलं पाहिजे. 'संयुक्त राष्ट्रं' हा शब्द कुठंही वापरायचा नाही.